मुनव्याचा वंश
खानदेशातील केळीच्या अभिवृद्धीचा इतिहास

केळ्याचा आडवा काप केला की मधोमध काळसर बारीक ठिपके दिसतात. ते बियांचे अवशेष आहेत. रानातल्या केळ्यात त्या जागी वाटाण्याएवढ्या, दाताखाली आल्या तर दात दुखावा अशा टणक बिया असतात आणि गर नावापुरता. आपण खातो ते केळे बी टाकून देऊन गोड झाले आहे. आंबा खाल्ला की कोय उरते, बोर खाल्ले की आठोळी उरते आणि तिच्यातून पुढचे झाड येऊ शकते. केळे खाल्ले की फक्त साल उरते. फळातून वंश चालवण्याचा मार्ग या झाडाने हजारो वर्षांपूर्वी बंद करून घेतला आणि तेव्हापासून त्याचा वंश माणसाच्या हातात आहे.

ज्या जिल्ह्याचे अर्थकारण, लग्नाचे मुहूर्त आणि राजकारणही केळीच्या भावावर हलते, त्या जळगाव जिल्ह्यात हा मुद्दा केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही. महाराष्ट्रातल्या केळीखालच्या क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र या एका जिल्ह्यात आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा आणि तापीच्या खालच्या अंगाला धुळे जिल्ह्यातला शिरपूर हा सगळा पट्टा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. या हिरव्या पट्ट्याचा इतिहास सहसा पाणी, रेल्वे आणि भाव यांच्या अंगाने सांगितला जातो. मला तो रोपाच्या अंगाने सांगायचा आहे. कुठले रोप लावायचे, ते कुणी निवडायचे आणि निवडताना कुठले टाकून द्यायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत बदलत गेली. त्या बदलात खानदेशाने बरेच कमावले. काय गमावले, याचा हिशेब मात्र अजून नीट मांडलेला नाही.

तीन जुड्यांचे गणित

रानकेळीच्या पेशीत गुणसूत्रांच्या दोन जुड्या असतात, प्रत्येकीत अकरा, म्हणजे एकूण २२. बी तयार होताना या जुड्यांची दोन सारख्या भागांत वाटणी व्हावी लागते. खाण्याच्या बहुतेक केळींत जुड्या तीन आहेत, गुणसूत्रे ३३. तिघांची दोन सारख्या वाट्यांत विभागणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. परागसिंचन न होताही फळ भरण्याचा गुण या झाडात आहे, म्हणून घड मात्र लागतो. नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये पंधरा लक्षणांना गुण देऊन केळीच्या वाणांची वर्गवारी केली. ‘म्युसा ॲक्युमिनाटा’ आणि ‘म्युसा बाल्बिसियाना’ या दोन रानटी पूर्वजांपैकी कुणाच्या किती जुड्या कुठल्या वाणात आहेत, हे त्यांनी मांडले. पहिल्याला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ म्हणायचे. त्या हिशेबात खानदेशातली बसराई आणि आजची ग्रँड नैन, दोन्ही ‘एएए’.

बी नाही तर पुढची पिढी कशी येते? जमिनीखालच्या कंदातून फुटणाऱ्या मुनव्यांतून. मुनवा हे आईचे बाळ नव्हे. आईचाच तो एक तुकडा असतो, तिच्या गुणसूत्रांची जशीच्या तशी नक्कल. त्याच्या कंदातून पुन्हा मुनवे येतात. म्हणजे हजार एकरांवर पसरलेली एका वाणाची बाग हे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच झाड आहे, फक्त त्याला खोडे लाखो आहेत.

बोराची तुलना इथे उपयोगी पडेल. जळगावच्या मेहरूणची बोरे एके काळी खानदेशाबाहेरही नावाजलेली होती. बोराची आठोळी पेरली तर येणारे प्रत्येक झाड थोडे वेगळे निघते. एखादे आंबट, एखादे पिठूळ, शंभरात एखादे आईपेक्षा सरस. चांगले सापडले की त्याचा डोळा बोरडीच्या खुंटावर भरून माणूस ते टिकवतो. निसर्ग नवे घडवतो आणि डोळा भरणारा त्यातले निवडून टिकवतो, अशी ती दोन टप्प्यांची व्यवस्था आहे. आंब्यातही रायवळ आणि कलमी या दोन शब्दांत हीच व्यवस्था सामावली आहे. केळीत रायवळ नाही, सगळीच कलमी. नवे घडण्याचा पहिला टप्पाच तिथे गळाला आहे.

नावांत लपलेली बंदरे

बसराई हा शब्द ऐकला की कानाला इराणच्या आखाताशेजारचे बसरा शहर ऐकू येते. हेच बुटके, हिरव्या सालीचे, गोड केळे आसामात ‘जहाजी’ म्हणून ओळखले जाते. बंगालात ते ‘काबुली’ आणि ‘सिंगापुरी’ झाले, दक्षिणेत ‘मॉरिशस’ आणि ‘पच्चै वाळै’, म्हणजे हिरवे केळे. कुठे ते ‘वामनकेळी’ आहे, तर इतर प्रांतांतल्या जुन्या कृषिपुस्तकांत चक्क ‘भुसावळ’ या नावाने नोंदलेले आहे. एकाच रोपाला मिळालेली ही नावे वाचली की लक्षात येते, हे झाड इथे बाहेरून आले आणि पाण्याच्या वाटेने आले. आपल्याकडून पुढे जाताना मात्र त्याने भुसावळच्या जंक्शनचे नाव घेतले.

या गटाचे मूळ घर दक्षिण चीन आणि व्हिएतनामच्या बाजूला मानले जाते. जगाला तो ‘कॅव्हेंडिश’ म्हणून माहीत झाला, त्याची कथा इंग्लंडमधली आहे. मॉरिशसहून आलेली एक केळ डर्बीशायरमधील चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळीबुवांनी वाढवली आणि १८३५ च्या हिवाळ्यात ती फुलली. मालक होते डेव्हनशरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश. रोपाला त्यांच्या घराण्याचे नाव मिळाले. हेच पॅक्स्टन पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या काचमहालाचे रचनाकार म्हणून गाजले. त्या काचघरातले कंद मिशनरी जॉन विल्यम्स यांच्याबरोबर त्याच दशकाच्या अखेरीस सामोआत गेले आणि तिथून पॅसिफिकच्या बेटांवर पसरले. आपली बसराई चॅट्सवर्थहून आलेली नाही, पण आहे त्याच कुळातली. त्या कुळातल्या सगळ्या केळींची आई एकच, आणि तिचे मुनवे जहाजांतून जगभर वाटले गेले.

कांदेबाग आणि मृगबाग

खानदेशाला हे बुटके झाड मानवले त्याला कारणे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत इथले तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, सोसाट्याचे कोरडे वारे सुटतात. उंच केळ अशा वाऱ्यात घडासकट मोडते, म्हणून दीड-दोन मीटर उंचीची बसराई तुलनेने सुरक्षित. तरीही बागेभोवती शेवरीची दाट ओळ लावावी लागे. हिवाळ्यात थंडीचा चरका बसून पाने पिवळी पडत. तापी-पूर्णेकाठची खोल काळी जमीन आणि विहिरींचे पाणी या दोन गोष्टींवर हे पीक उभे राहिले. मुंबईहून भुसावळमार्गे जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला आणि रावेर, निंभोरा, सावदा ही स्थानके उत्तरेच्या बाजारपेठांना जोडली गेली. पुढे तिथून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जाऊ लागल्या.

लागवडीचे दोन हंगाम ठरले. पावसाच्या सुरुवातीला लावायची ती मृगबाग आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास लावायची ती कांदेबाग. पहिल्या पिकाची केळी ती ‘नवती’, त्याच जागी राखलेल्या मुनव्यांवर घेतलेली ती ‘पिलबाग’. भावाच्या फलकावर आजही हे शब्द वेगवेगळे लिहिले जातात, कारण रोप कुठून आले यावर फळाची प्रत ठरते.

लागवडीआधीचे खरे काम असे बेणे निवडण्याचे. आमच्या यावल तालुक्यातल्या घरी हे काम आजोबा गड्यांवर सोपवत नसत. घड पाडायच्या आधी बागेत फिरून, ज्या झाडाचा घड लांब, फण्या एकसारख्या आणि खोड जाड, त्याला ते गेरूची खूण करत. त्याच झाडाच्या बुडाशी आलेले मुनवे घ्यायचे, तेही तलवारीसारख्या अरुंद पानांचे. रुंद पानांचा मुनवा दिसायला टवटवीत असतो, पण त्याचा कंद दुबळा असतो. अर्धा ते पाऊण किलोचा, नारळासारखा उभट कंद पसंत पडे. मुळ्या छाटून, किडलेला भाग तासून तो लावायचा. शेजारच्याकडचा एखादा घड डोळ्यांत भरला तर त्याचे दोन-चार मुनवे मागून आणायचे आणि बांधाकडेला लावून पाहायचे. या गोष्टीला कुणी संशोधन म्हणत नव्हते. पण गावोगावच्या हजारो शेतकऱ्यांनी दरवर्षी केलेली ती निवड होती.

नक्कल जर जशीच्या तशी असेल, तर निवडायला असते काय? उत्तर असे की, नक्कल शंभर टक्के अचूक कधीच नसते. पेशी विभागताना क्वचित एखादी चूक होते, एखाद्या कोंबात काही बदलते आणि तो बदल पुढच्या मुनव्यांत उतरतो. बुटक्या कॅव्हेंडिशमधून उंच झाड निघते, उंचातून बुटके निघते, फणीची ठेवण बदलते. बागायतदाराची नजर अशा झाडावर पडली आणि त्याचे मुनवे त्याने वेगळे राखले, तर नवा वाण जन्माला येतो. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर परिसरातली ‘अर्धापुरी’ ही बसराईतूनच झालेली निवड आहे. जळगावकडची ‘श्रीमंती’ही तशीच. बी नसलेल्या झाडात उत्क्रांतीला उरलेली ही एकच खिडकी, आणि त्या खिडकीपाशी शेतकरी उभा होता.

मुनव्याबरोबर येणारे ओझे

या जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तिचा त्रास विसरता येत नाही. मुनवा आईचे गुण आणतो तसे तिचे आजारही आणतो. कंदातला सोंडकिडा, मुळांतले सूत्रकृमी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे विषाणू बेण्याबरोबर गावोगाव फिरतात. १९४० च्या सुमारास केरळात शिरलेला पर्णगुच्छ रोग असाच कंदांतून आणि माव्यामार्फत पसरत गेला. खानदेशात ‘हरण्या’ म्हणतात तो रोग कुकुंबर मोझॅक विषाणूचा. पानांवर पिवळ्या रेषा, पोंगा सडणे आणि झाड वांझ. त्यावर औषध नाही, झाड उपटून नष्ट करणे एवढाच उपाय.

शिवाय बाग एकसारखी येत नसे. कुठे मोठा कंद, कुठे लहान, त्यामुळे घड काढण्याचे काम महिनोन्‌महिने चाले. लागवडीपासून सगळे घड उतरेपर्यंत दीड वर्ष सहज जाई. हेक्टरी साडेचार हजारांच्या आसपास कंद गोळा करायचे, तेही निरोगी, हे छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होत गेले. बेण्याचा व्यापार सुरू झाला आणि व्यापारात गेरूची खूण पुसली गेली.

काचेच्या बाटलीतील बाग

वनस्पतीच्या एका पेशीतून अख्खी वनस्पती वाढवता यावी, ही कल्पना ऑस्ट्रियाच्या गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांना ती साधली नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत फोल्क स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी दाखवले की, ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन संजीवकांचे प्रमाण बदलले की पेशींच्या गोळ्याला हवे तर मुळे फुटतात, हवे तर कोंब. १९६२ मध्ये तोशियो मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यमाचा जो पाठ प्रसिद्ध केला, तो आजही जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. एफ. मस्कारेन्हस यांच्या गटाने पुढच्या दशकांत साग, बांबू, ऊस यांवर काम केले. १९९० मध्ये याच प्रयोगशाळेने बांबूला बाटलीत फुलवून दाखवले, तेव्हा त्याची दखल ‘नेचर’ नियतकालिकाने घेतली.

केळीसाठी हे तंत्र जणू बेतलेलेच होते. मुनव्याच्या पोटातला तांदळाएवढा वाढबिंदू काढायचा, निर्जंतुक करून माध्यमावर ठेवायचा. त्याला कोंबांचा झुपका येतो, तो विभागून पुन्हा नव्या बाटल्यांत ठेवायचा. काही फेऱ्यांत एका मुनव्यापासून शेकडो रोपे तयार होतात. मग मुळे फुटवून रोपे हरितगृहात आणि त्यानंतर शेडनेटमध्ये बाहेरच्या हवेला सरावायला ठेवायची. वाढबिंदूच्या टोकाशी विषाणू कमी पोहोचतात, आणि मातृवृक्ष आधी तपासून घेता येतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये अशा रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली, ती याच तपासणीसाठी.

जळगावात या तंत्राला घर मिळाले. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. ठिबक सिंचनाच्या व्यवसायाबरोबर १९९० च्या दशकात त्यांच्या कंपनीने ऊतिसंवर्धित केळीची रोपे बाजारात आणली. वाण होता इस्रायलमार्गे आलेला ‘ग्रँड नैन’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ‘मोठी ठेंगणी’. शेतकऱ्यांनी त्याचे ‘जी-नाइन’ करून टाकले. ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश कुळातलीच, बसराईची थोडी उंच बहीण. घड मोठा, फण्यांत अंतर चांगले, केळी सरळ आणि लांब. निर्यातीला हवे तसे फळ.

पुढच्या वीस वर्षांत तापीकाठचे चित्र पालटले. अठरा महिन्यांचे पीक अकरा-बारा महिन्यांवर आले. घड एकाच वेळी तयार होऊ लागल्याने व्यापाऱ्याला शेत एकदम कापता येऊ लागले. फळाला कागद-पिशवीचे आवरण, शीतगृहे, खोक्यांतली भरणी, सगळे एकसारखेपणाच्या जोरावर उभे राहिले. २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी त्या नावाने दुबईला गेली. ज्यांनी या बदलाच्या आधीचे दारिद्र्य पाहिले आहे, त्यांच्यापुढे एकसारखेपणाविरुद्ध बोलताना जीभ जपूनच वापरावी लागते.

नजर कुठे गेली

तरीही एक गोष्ट घडली, आणि ती कुणाच्या दोषाने घडलेली नाही. निवडीची जागा बदलली. गावोगावच्या हजारो नजरा आता मातृबागेतल्या मोजक्या नजरांकडे सोपवल्या गेल्या. शेतकऱ्याला ट्रेमध्ये तयार रोप मिळते, बिलावर वाणाचे नाव आणि तुकडी क्रमांक असतो. कुठल्या आईचे हे रोप, तिचा घड कसा होता, हे त्याला दिसत नाही. पिलबाग राखणारेही कमी झाले. मुनवा आता बहुतेक बागांत निवडायची वस्तू राहिलेला नाही. तो विळ्याने वेळोवेळी छाटायचा त्रास झाला आहे.

दुसरीकडे जुने वाण मागे पडले. महाराष्ट्रात सफेद वेलची, लाल वेलची, सोनकेळ, मुठेळी, तांबडी केळ, वसईकडे सुकेळी करायची राजेळी अशी विविधता होती आणि काही अंशी अजून आहे. गोव्यात मयडे गावच्या केळीने आपले नाव टिकवले आहे. या प्रत्येक वाणात ‘ए’ आणि ‘बी’ जुड्यांची वेगळी गुंफण आहे. ‘बी’ पूर्वजाकडून अवर्षण सोसण्याचा गुण येतो, असा अभ्यासकांचा अनुभव आहे. खानदेशात मात्र नजर जाईल तिथवर ‘एएए’. बसराई जाऊन ग्रँड नैन आली, तेव्हा आपल्याला वाण बदलला असे वाटले. प्रत्यक्षात एकाच आईच्या दोन मुनव्यांपैकी आपण दुसरा उचलला.

पिकलेल्या आढीतला एक आंबा

एकाच रोपावर भरवसा ठेवण्याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत विकले जाणारे केळे ‘ग्रो मिशेल’ होते. मध्य अमेरिकेतल्या त्याच्या बागा जमिनीतून येणाऱ्या फ्युजॅरियम बुरशीने, म्हणजे पनामा मर रोगाने, एकामागून एक संपवल्या. ही बुरशी मुळांतून शिरते आणि खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पाने पिवळी पडून खाली लोंबतात, खोड चिरले की आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतात. जमिनीत ती दशकानुदशके राहते, कुठलीही फवारणी तिला मारत नाही. १९५० ते १९६५ च्या दरम्यान कंपन्यांनी ग्रो मिशेल सोडून कॅव्हेंडिश लावली, कारण ती या बुरशीला बळी पडत नव्हती. आपल्या शेजारच्या कर्नाटकात नंजनगूडची रसबाळे ही नामांकित केळ याच रोगाने नामशेष होण्याच्या काठावर आली.

म्हणजे कॅव्हेंडिशचे आजचे राज्य हे एका साथीचे फळ आहे. जगात पिकणाऱ्या केळींपैकी जवळजवळ निम्मी केळी या कुळातली आहेत, आणि त्याच बुरशीचा नवा प्रकार आता या कुळाच्या मुळावर उठला आहे. ‘टीआर-४’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार तैवानमध्ये १९६७ मध्ये प्रथम दिसला. तिथून तो आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका असा फिरत २०१९ मध्ये कोलंबियात पोहोचला. भारतात तो बिहारमधल्या कटिहार-पूर्णिया भागात आणि उत्तर प्रदेशात आढळला. त्यानंतर गुजरातेतला सुरत जिल्हा आणि मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर ही नावे त्या यादीत आली.

बऱ्हाणपूर म्हटल्यावर रावेरच्या माणसाचे कान टवकारतात. तिथला केळीचा भाव काय निघाला, हे विचारूनच इथले सौदे होतात. हे गाव रावेरपासून तासाभराच्या आतल्या रस्त्यावर आहे. मजूर, मालमोटारी, ट्रॅक्टर, बेणे यांची ये-जा रोजची. बुरशीला सीमा ओलांडायला टायरला चिकटलेला चिखल पुरतो. एक नासका आंबा अढी नासवतो म्हणतात. इथे अढीतले सगळे आंबे एकाच डहाळीचे आहेत.

ऊतिसंवर्धित रोप या बाबतीत अर्धेच संरक्षण देते. ते बुरशी बरोबर घेऊन येत नाही, हे मोठेच काम. पण जमिनीत बुरशी असेल तर ते तिच्यापुढे तितकेच असहाय आहे. हरण्याच्या बाबतीत याचा अनुभव आपण घेतला आहे. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात अनेकांना निरोगी म्हणून आणलेल्या रोपांच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या, कारण शेतात आल्यावर माव्याने विषाणू आणलाच.

टाकून दिलेल्या रोपांची शिकवण

उपाय शोधणारे शास्त्रज्ञ तीन वाटांनी चालले आहेत, आणि तिन्ही वाटा शेवटी विविधतेपाशी जातात.

पहिली वाट संकराची. तमिळनाडूत अडुतुरै येथे १९४९ पासून केळीच्या पैदाशीचे काम सुरू झाले. १९९३ मध्ये तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र स्थापन झाले, तिथे देशभरातून जमवलेले तीनशेहून अधिक नमुने सांभाळले जातात. बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठात १९८५ पासून जगभरचे दीड हजारांहून अधिक वाण परीक्षानळ्यांत आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवले आहेत. बी न देणाऱ्या झाडाचा संकर करणे म्हणजे हजारो फुलांवर पराग लावून हाताशी मूठभर बिया येणे. हे काम एका माणसाच्या नोकरीपेक्षा लांब चालते.

दुसरी वाट जनुकांची. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतला ‘आरजीए-२’ हा प्रतिकारक्षम जनुक ग्रँड नैनमध्ये घातला, आणि त्या वाणाला २०२४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. लक्षात घ्यावे ते हे की, तो जनुक आला दाताला लागणाऱ्या बियांच्या, कुणी न खाणाऱ्या रानकेळीतून.

तिसरी वाट खानदेशाला सर्वांत जवळची आहे. बाटलीत पेशी वेगाने वाढवताना नकलेतल्या चुका वाढतात. १९८१ मध्ये लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी या फरकांना ‘सोमाक्लोनल’ हे नाव दिले. केळीत असे रोप बहुतेकदा ठेंगू निघते, कधी त्याची पाने चट्टेदार किंवा जाड असतात. रोपवाटिका ते उपटून टाकते आणि तसे करणे योग्यच, कारण शेतकऱ्याने एकसारख्या रोपांचे पैसे दिलेले असतात. फेऱ्यांवर मर्यादा घालतात तीही यासाठीच. पण तैवानच्या केळी संशोधन संस्थेत शिन-चुआन ह्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उलटे केले. ऊतिसंवर्धनातून आलेली हजारो रोपे त्यांनी मुद्दाम टीआर-४ ने भरलेल्या जमिनीत लावली आणि कोण जगते ते पाहत बसले. बहुतेक मेली. थोडी तग धरून राहिली. त्यांचे मुनवे घेऊन पुन्हा लावले, पुन्हा निवडले. त्यातून आलेला ‘जीसीटीसीव्ही-२१८’ हा वाण तिथे ‘फॉर्मोसाना’ नावाने शेतात गेला. त्याचाच भाऊ ‘२१९’ फिलिपिन्समधल्या बाधित जमिनींत लावला जातो. तो जरा उशिरा येतो, घड थोडा लहान, पण जगतो.

ही पद्धत वाचताना मला गेरूची खूण केलेले खोड आठवले. जगलेल्या झाडापाशी थांबायचे, ते का जगले हे विचारायचे आणि त्याचा मुनवा राखायचा. आमच्याकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होते. फरक इतकाच की, ते घडाची लांबी पाहत होते आणि तैवानमधले लोक मुळांचा टिकाव पाहत होते.

म्हणून मला वाटते, ऊतिसंवर्धन विरुद्ध मुनवा असा वाद घालण्यात अर्थ नाही. निरोगी रोप प्रयोगशाळेतूनच यावे. पण निवडीची नजर शेतात परत यायला हवी. जळगाव जिल्ह्यात दरवर्षी कोट्यवधी केळी उभ्या राहतात. जगातल्या कुठल्याही संशोधन केंद्राला एवढे मोठे प्रक्षेत्र मिळणार नाही. चरक्यात पिवळे न पडलेले झाड, हरण्याने वेढलेल्या ओळीत हिरवे राहिलेले झाड, ४५ अंशांत पोंगा न वाळलेले झाड, अशा प्रत्येक झाडाची नोंद गावाकडून केळी संशोधन केंद्राकडे जावी आणि तिथून कुणीतरी ते पाहायला यावे, एवढी साधी व्यवस्था उभारायला हवी. भौगोलिक निर्देशांक मिळवणारा जिल्हा फळाचे नाव राखतो. त्याने फळाची कुळेही राखावीत. बांधाकडेच्या दोन गुंठ्यांत वेलची, राजेळी, मुठेळी लावणाऱ्या शेतकऱ्याला हौशी म्हणून हसण्याऐवजी बियाणे राखणारा म्हणून मोबदला मिळावा. आणि टीआर-४ ची शंका असलेली बाग लपवण्याची पाळी येऊ नये, इतकी भरपाई त्या बागायतदाराला मिळावी. रोग लपवला गेला तर वरच्या तिन्ही वाटा उशिरा पोहोचतील.

हा अंक हाती पडेल तेव्हा तापीकाठी कांदेबागेची लागवड चालू असेल. ट्रेमधून निघणारी रोपे एकाच उंचीची, एकाच रंगाची, एकाच आईची असतील आणि त्यांवरच वर्षभराचा संसार बेतलेला असेल. त्या लाखोंत एखादे झाड वेगळे निघेल. ते उपटण्याआधी चार दिवस थांबून पाहावे आणि कुणाला तरी दाखवावे.